चोवीस दांडे आणि बाबांची पट्टी

मी, मृणाल देवराव निखाडे, वय ४६, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय मेकअपच्या ब्रशांसाठी मापाचे लाकडी दांडे बनवणे, राहणार हुडको, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगढ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मला आजार नाही, आजचा वार मला ठाऊक आहे. वकीलबाईंनी बजावलं आहे की खाडाखोड नको आणि पान फाडायचं नाही. मी रोजनिशीचंही पान कधी फाडलेलं नाही, तेव्हा ती अट मला जड नाही.

निमित्त रीनाचं. तिचं सेक्टर १० मध्ये ब्यूटी पार्लर आहे. रेल्वेच्या डब्याच्या दारात चिरडल्यापासून तिचा उजवा अंगठा वाकत नाही. सात वर्षांपूर्वी ती बारीक ब्रशांचा जुडगा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, माह्यानं हे धरले जात नाहीत. असा दांडा कर का तोच मले धरून ठेवीन." माझा धंदा तिथून सुरू झाला. आता ती माझ्याकडे लेथवर लाकूड कातायला शिकते. गेल्या बुधवारी तिने विचारलं, "तू गेली तर माह्या हाताचा दांडा कोण करून देईन?" मी हसले. उत्तर इथे देते.

कलम १. घर आईच्या, म्हणजे सत्यभामाबाईंच्या, नावावर आहे. जे माझं नाही ते मी देत नाही. माझं काम चालतं ते मागचं टिनाचं शेड मी बांधलं, तेही घराबरोबर आईचं.

कलम २. बँकेतली सारी बचत आईला. आई माझ्याआधी गेली तर रीनाला, शेडचं भाडं आणि लाकूड यांसाठी. लाकूड शिवणीचंच घ्यावं. हलकं असतं, तडकत नाही.

कलम ३. गिऱ्हाईक आलं की मी मिठाच्या कणकेचा गोळा त्याला ब्रश धरल्यासारखा दाबायला देते. गोळा वाळला की त्या ठशावरून दांडा उतरवते. असे दोनशेवर ठसे बिस्किटांच्या डब्यांत नावानिशी ठेवले आहेत. ते ज्याचे त्याला परत द्यावेत. माणसाची मूठ ही त्याची खासगी गोष्ट आहे, ती माझी मिळकत होत नाही.

कलम ४. लेथ रीनाला. इथे मी अडते. लेथ बाबांचा. जाण्याआधी ते मला म्हणाले, "लेथ तुले." खोलीत मी एकटीच होते, कागद नाही. कायद्याने त्यात आईचा आणि भावाचा हिस्सा येतो. मी ऐकलं ते खरंच ऐकलं, की मला हवं होतं म्हणून ऐकलं? आज तरी एवढंच लिहिते की माझा जो काही हिस्सा असेल तो रीनाला.

कलम ५. माझा धाकटा भाऊ हर्षल, रेल्वेत नोकरी, राहणार भिलाई-३, याला माझ्याकडून काहीही मिळू नये. कारण नोंदवते. सहा वर्षांपूर्वी मला पहिली मोठी ऑर्डर मिळाली, चोवीस दांडे. ब्रशचे केस धरणारी ॲल्युमिनियमची नळी असते, तिला आम्ही टोपी म्हणतो. टोपीचं आतलं माप हर्षलने घेऊन दिलं, दहा मिलिमीटर. मी बाबांच्या पोलादी पट्टीवर कॅलिपरचे दोन पाय लावून माप घेतलं आणि सगळी टोकं दहाची उतरवली. एकही टोपी बसली नाही. ठोकल्या तर फाटल्या. ऑर्डर गेली. हर्षल म्हणाला, "माह्या मापात चूक नाही. तू पट्टी पाय एकदा." मी म्हणाले, "बाबांची पट्टी? तुले बाबांचा हात नाही आला, एवढं मान." तेव्हापासून तो घरात आलेला नाही. दर रविवारी आईला आपल्या घरी न्यायला येतो, तो फाटकापर्यंत. हे मी रागात लिहीत आहे का? होय, थोडं. तरी ठेवते.

कलम ६. हत्यारं रीनाला. प्रत्येकाची ओळख पटेल अशी खूण लिहायची आहे. पटाश्या अकरा, मुठींवर बाबांनी डागलेला 'दे'. कॅलिपर दोन, एकाचा स्क्रू पितळी. पोलादी पट्टी एक, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. खूण शोधायला ती टेप मी आत्ता सोडवली.

टेपखाली इंग्रजीत ठसा आहे: श्रिंकेज, स्टील.

बाबा इथल्या पोलाद कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते, ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे. पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा लागतो, आणि दर वेळी गणित करावं लागू नये म्हणून त्यांच्या पट्टीवरच्या रेघाच लांब पाडलेल्या असतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले. तसली पट्टी आपल्याच खिळ्याला टांगलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. आईच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी शेजारी ठेवली. बाबांचे शंभर तिच्यावर एकशे दोन. शेजारच्या शामसुंदरकाकांची पट्टी मागून आणली. एकशे दोन. म्हणजे माझे दहा हे दहाहून दोन दशांश मिलिमीटरने जास्त होते.

हर्षलचं माप बरोबर होतं. पट्टीही बरोबर होती, पण ती पोलादाची होती आणि मी लाकूड मोजत होते. त्या फजितीनंतर मी टोपीच दांड्यावर घालून बघत काम करू लागले, म्हणून आजवर कळलं नाही.

इथून पुढे माझं अक्षर हललेलं आहे. त्यावरून मी शुद्धीत नव्हते असा अर्थ कोणी काढू नये. इतकी शुद्धीत मी सहा वर्षांत नव्हते.

कलम ७. कलम ५ मी पूर्ण मागे घेते. खोडता येत नाही म्हणून ते वर तसंच दिसेल. माझी चूकही दिसू दे.

आज रविवार. वरचं वाक्य लिहून होतंय तोवर फाटकाशी स्कूटर थांबली. मी पट्टी घेऊन धावत गेले.

"आई येऊन राहिली ना?" हर्षल रस्त्याकडे बघत म्हणाला.

"येते. तू हे पाय आधी."

त्याने ठसा वाचला. हेल्मेट काढलं, पुन्हा वाचला.

"सहा वर्षं लागले तुले एक टेप सोडाले?"

"हो. बाबांचा हात नाही आला म्हणाली होती मी. तेही वापस घेते."

"शिल्पाले सांग फोन करून. माही बायको असून तिलेही वाटते का मीच चुकलो होतो."

मी तिथेच उभ्याने शिल्पाला फोन केला. आई दारातून म्हणाली, "मेल्यावरचे कागद करून राहिली अन् घरात साखर नाही. हर्षल, आत येताना घेऊन ये." तो साखर घेऊन आत आला.

कलम ८. पट्टी हर्षलच्या नावे लिहायला बसले, तर तो म्हणाला त्याला साक्षीदार व्हायचं आहे. मी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. "मग नको काही," तो म्हणाला. "चूक कोणाची होती ते लिहिलं ना तू? त्याच्या खाली माही सही पायजे." म्हणून पट्टी या मृत्युपत्रात नाही. ती मी आज त्याच्या हातात दिली. लेथवरचा आपापला हिस्सा त्याने आणि आईने रीनासाठी सोडला, तो कागद वेगळा जोडला आहे. सही करताना आई म्हणाली, "लेथ तुले, हे तर तुह्या बाबानं मलेही सांगतलं होतं. तू विचारलंच नाही कधी."

कलम ९. ते चोवीस दांडे मी फेकले नव्हते. कलम ८ लिहून होईतो रीना आली. तिने त्यातला एक लेथवर चढवला, टोकावरून केसाएवढं लाकूड काढलं आणि टोपी हर्षलच्या हातात दिली. त्याने ती बसवली. फिरवून पाहिली. हलली नाही. उरलेले तेवीस कोणाच्याही वाट्याला जाणार नाहीत. ते उद्यापासून विकायला आहेत.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवलं, कलम ५ सुद्धा, आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: मृणाल देवराव निखाडे

साक्षीदार १: हर्षल देवराव निखाडे, भिलाई-३. वाचलं. माप दहाच होतं.
साक्षीदार २: शामसुंदर वासुदेव टेंभरे, निवृत्त क्लार्क, हुडको. माझी पट्टी परत मिळाली.

स्थळ: हुडको, भिलाई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार