ओंजळ करायची राहिली

अण्णा,

काल चांदवडच्या सभेत एका मुलीने मला विचारलं, ताई, एवढं सगळं बघूनसुद्धा तुम्ही खचत कशा नाही? मी तिला लांबलचक उत्तर दिलं. इतिहासातले दाखले दिले, दूरदेशीच्या लढ्यांचे दिले, टाळ्याही घेतल्या. परतीच्या एसटीत मात्र मला सारखी तुमची रंगाची बादली आठवत होती. खरं उत्तर त्या बादलीत होतं. सभेत सांगायला ते फार घरगुती वाटलं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली होती. सातपूरच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि आपल्या वसाहतीतले बरेच बापे तुमच्यासारखेच घरी बसून होते. दुष्काळात नांदगावकडून आलेले तुम्ही, रंगखात्यात फवारणीच्या कामाला लागलात आणि त्या नोकरीवर आपलं घर उभं राहिलं. मी कॉलेजात होते, रोज गेटसभेत बोलत होते, लढ्याची पत्रकंही मीच लिहीत होते. जयंती जवळ आली तेव्हा बैठकीत ठरलं की वर्गणी निघणार नाही, तेव्हा यंदा मिरवणुकीत चित्ररथ नको. दरवर्षी ट्रकवर तो तुम्हीच उभा करायचात. दुसऱ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर बादली मांडून बसलात आणि दारोदार रद्दी मागायला लागलात. महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेली एक बाई कागदाच्या लगद्यातून करायची, लुगड्यातली, ओंजळ भरलेली, एवढंच तुम्ही सांगितलंत.

आईने आधीच बजावलं, "खळीसाठी पिठाच्या डब्याला हात लावायचा नाय." तुम्ही म्हणालात, "तुझा डबा ठेव तुझ्यापाशी. चिंचोके हायेत." शेवटी चिंचोके तिनेच भाजले, कुटले आणि तोंडाने बडबडत आपल्या चुलीवर खळ शिजवली. लगद्याला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मेथीसुद्धा तिनेच आणून दिली. त्या आंबूस, कडवट वासाने आजही मला आपलं स्वयंपाकघर दिसतं.

रद्दी कमी पडली तेव्हा तुम्ही माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचललात. मी आले तेव्हा माझे शब्द तुमच्या बादलीत फुगत होते. मी भडकले. सगळ्यांच्या देखत विचारलं की पोटात आग पडलेली असताना या बाहुल्या कसल्या करताय. तुम्ही लगदा मळायचे थांबला नाहीत. "तुझं भाषण संपलं की माणसं घरी जातात," तुम्ही म्हणालात. "घरी जाऊन काय करतात, बघितलंस का? हात बघत बसतात स्वतःचे. रिकामा हात लय वाईट गं." मग मी नीट पाहिलं. ओट्यावर तुमच्या शेजारी चार बापे कागद फाडत होते. त्यातला एक, जो टाळं लागल्यापासून बायकोशीही बोलत नव्हता, तो दुसऱ्याला सांगत होता की तू कागद फाडतोस का भाकरी मोडतोस, बारीक कर जरा. आणि हसत होता. मी तिथे बसले नाही, पण उरलेला गठ्ठाही परत मागितला नाही.

तेलरंग तोंडाला आणि लुगड्याला पुरला. हातांना तुम्ही नुसता गेरू लावलात आणि ओंजळीत पाण्याऐवजी चंदेरी बेगड चिकटवलात. जयंतीच्या संध्याकाळी भाजीच्या हातगाडीवर ती बाई निघाली. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी तांब्या घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने त्या ओंजळीत खरंच पाणी ओतलं. पुढच्या दारातून दुसरी आली. मग दर दारातून तांब्या, पेला, कळशी. मला दिसतंय, बेगड तरंगायला लागलाय, गेरू ओघळतोय, मनगट खाली झुकतंय. मी तुमच्या कानाशी येऊन म्हणते, अण्णा, थांबवा त्यांना, हात गळून पडतील. तुम्ही माझ्याकडे बघता.

"पाणी देऊ नका म्हणू? या बाईला?"

एवढंच. मग तो बायकोशीही न बोलणारा माणूस पुढे झाला आणि त्याने त्या ओल्या ओंजळीखाली आपले तळवे धरले. तो दमला की दुसरा, मग तिसरा. अख्खी मिरवणूक त्यांनी ते हात पाळीपाळीने तोलत नेले. शेवटी मला बोलायचं होतं. मी उभी राहिले आणि समोर नुसते लाल तळवे दिसत होते, बोटांना लगदा चिकटलेला. त्या लगद्यात माझी पत्रकं होती. मी चार वाक्यं बोलून खाली बसले. तुम्ही म्हणालात, आज चांगली बोललीस.

कारखाना काही उघडला नाही. तुम्ही दुकानांची शटरं रंगवलीत. तिचे हात त्या पाण्याने शेवटी गळालेच; पुढल्या वर्षी तिला नवे हात करू, असं दर जयंतीला म्हणायचात. दर जयंतीला खोकला थोडा वाढलेला असायचा. दशक सरायच्या आत तुम्ही गेलात आणि ती बाई विहाराच्या माळ्यावर तशीच राहिली, मनगटापर्यंत.

आता विहार नव्याने बांधताहेत. तिचं काय करायचं म्हणून मला फोन आला, तेव्हा मी रिक्षातून तिला घरी आणली. ती बाहेरच्या खोलीत उभी आहे. मी चिंचोके आणले, बादली आणली, जुन्या भाषणांची टिपणं भिजत घातली. रोज सकाळी ओंजळ करायला बसते. इतकी वर्षं माणसांना उभं करायची भाषा बोलते आहे, पण तुमच्या शेजारी त्या ओट्यावर एक दिवस बसायला हवं होतं, नुसतं बघायला. कुणाला विचारू?

लगदा थोडा कमी पडतोय. हा कागदही आता बादलीत जाईल. बोटं कशीबशी जमली आहेत, अण्णा. अंगठा मात्र आजही मोडला.