पत्रकातून कापलेली दोन वाक्यं

कोल्हापूर,
रविवार, ६ फेब्रुवारी २००५

प्रिय कृष्णात,
सप्रेम जयभीम.

पुण्याचा हा पत्ता तुझ्या आक्कांनी दिला. ई-मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आम्ही सगळे बरे आहोत. बाबा निवृत्त झाले. गडमुडशिंगीच्या घरामागं त्यांनी वांगी लावलीत आणि येईल त्याच्या हातात पिशवी देतात. मला कॉम्प्युटर क्लासमध्ये कायम केलं. आई तुझी चौकशी करते, मी विषय बदलते.

आपलं ‘वाचकनोंद’ चालू आहे. गावोगावच्या वाचनालयांसाठी फुकट सॉफ्टवेअर करणारे आपण पाच जण होतो, आता चौघं. दर रविवारी राजारामपुरीतल्या त्याच खोलीत जमतो. हंबीरराव सरांचा आवाज अजून खालच्या चहावाल्याला ऐकू जातो.

एक बदल झालाय. नव्या आवृत्तीच्या सीडीबरोबर आपण ‘नवीन काय’ म्हणून पत्रक पाठवतो, ते आता वेगळ्या पद्धतीनं लिहितो. पहिल्याच ओळीत, सीडी घालण्याआधी काय करायचं. मग काय बदललं आणि त्यानं वाचनालयाच्या रोजच्या कामात काय फरक पडेल. काय बिघडू शकतं तेही. ‘किरकोळ दुरुस्त्या’ हे शब्द बंद. आणि पत्रक छापण्याआधी आकारामकाकांना फोनवर वाचून दाखवायचं. त्यांना एक वाक्य जरी कळलं नाही, तरी सीडी जात नाही.

आकारामकाका म्हणजे गगनबावड्याजवळच्या त्या वाडीतले ग्रंथपाल. २००३ च्या जुलैत त्यांनी आपली २.३ आवृत्ती चालू केली, नोंदी नव्या साच्यात बदलत असताना वीज गेली, आणि तीन वर्षं एका बोटानं टाइप केलेल्या पुस्तकांच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या.

तू गट सोडून गेल्यावर दीड महिन्यानं मी त्यांच्याकडं गेले होते. ओरडा खायच्या तयारीनं गेले. त्यांनी आधी चहा दिला. मग कपाटातून आपलं पत्रक काढलं. घड्यांवर पार मऊ झालं होतं.

“पोरी, हे मी चारदा वाचलंय. म्या काय करायचं हुतं, ते ह्यात कुठं हाय? दाव की मला.”

“न्हाय काका. त्यात न्हाय.”

“मग लिवलं कशाला?”

कृष्णात, तोवर मी समजत होते की ते पत्रक कुणी वाचतच नाही.

तेव्हापासून दर शनिवारी एसटीनं जायला लागले. ते पुस्तक काढून नाव वाचायचे, मी टाइप करायचे. एकवीस शनिवार लागले. मधेच एकदा त्यांनी विचारलं, “कुणी लिवलं हुतं गं ते?” मी म्हटलं, “मी.” त्यांनी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “फुडलं घे.”

त्यांना सांगितलं. तुला सांगायला मात्र इतके दिवस लागले.

तुझ्या मजकुरात दोन वाक्यं होती. आधी जुन्या नोंदींची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवा. बदल चालू असताना वीज गेली तर नोंदी परत मिळत नाहीत. मी ती कापली. मजकूर एका पानात बसत नव्हता, आणि मला वाटलं, असलं वाचून लोक घाबरतील, सीडीला हातच लावणार नाहीत. त्या जागी मी ‘काही अंतर्गत सुधारणा’ लिहिलं. तुला विचारलं नाही.

काकांच्या नोंदी गेल्याचं कळलं त्या रविवारी सर तुझ्यावर ओरडले, “तुला म्हाईत हुतं, तर सांगायला काय झालतं?” तू माझ्याकडं बघितलंस. मी स्क्रीनकडं बघत राहिले. “सांगितलतं सर,” एवढंच बोललास, माझं नाव घेतलं नाहीस, आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेलास. मी तुला हाकसुद्धा मारली नाही.

गेल्या महिन्यात नव्या पद्धतीवरून वाद झाला. सर म्हणाले, “धोकं लिवायला आपण काय वकील हाय व्हय? फुकट तर देतोय.”

मी म्हटलं, “फुकट देतो म्हणून अर्धवट सांगायचं का सर?” आणि मग सगळं सांगून टाकलं. उभी राहूनच.

“दीड वरीस गप बसलीस?”

“व्हय.”

ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा आवाज खाली होता. “लिव तुझ्या पद्धतीनं. पर ह्ये पण त्यात लिवायचं.”

लिहिलं. २.४ चं पत्रक सोबत ठेवलंय. मागच्या पत्रकात धोक्याची सूचना नव्हती. ती कृष्णात चौगुले यांनी लिहिली होती आणि संघप्रिया कुरणे यांनी परस्पर काढली, असं त्यात छापलंय. अठ्ठावन्न वाचनालयांना ते गेलं.

चौथ्या दिवशी चंदगड तालुक्यातून झुंबरबाई नावाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. त्यांच्याही नोंदी तशाच गेल्या होत्या. “मला वाटलं माझ्याच हातनं मोडलं,” म्हणाल्या, “म्हणून कुणाला बोललो न्हाय.” दीड वर्ष ती बाई रोज वाचनालय उघडत होती आणि मनात स्वतःला दोष देत होती. फोन ठेवल्यावर मला बसवेना.

येत्या शनिवारपासून चंदगड. दोन हजार पुस्तकं आहेत. आकारामकाका पण येतो म्हणालेत, नावं वाचायला.

माझं चुकलं, कृष्णात. नोंदी गेल्या त्यापेक्षा त्या रविवारी मी गप्प बसले, ते जास्त चुकलं. तू परत ये असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. पण साचा बदलणारा भाग तू लिहिलायस, आणि तो आमच्यापैकी कुणालाच पुरता कळत नाही. पत्रकात त्याबद्दल काही चुकलं असेल तर खूण करून परत पाठव. बाकी एक शब्द लिहिला नाहीस तरी चालेल. जे पाठवशील ते जसंच्या तसं छापेन, खाली तुझ्या नावासकट.

तुझ्याशी खोटं वागलेली,
संघप्रिया