यादीतला पाचवा आकडा

अहो,

मायना काय लिहावा यातच बराच वेळ गेला. लग्नाआधी तुम्हाला पत्र लिहायची सोय नव्हती आणि लग्नानंतर गरज पडली नाही. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्हीच हसला असता. तेव्हा अहो, ऐका. तुमचा एक प्रश्न माझ्यापर्यंत पोचायला फार उशीर झाला. त्याचं उत्तर द्यायला बसलेय.

आधी बातमी सांगते. तुमची ती संगणकावरची यादी, एकानं पत्र टाकलं की सगळ्या रेडिओवेड्यांना पोचायचं ती, बंद झाली. घाबरू नका, वाचवली. पण कशी वाचवली ते तुम्हाला ऐकावंच लागेल, कारण तुम्ही मजेत निघून गेलात आणि निस्तरायला मी राहिले!

तेराव्याचे पाहुणे परतून थोडेच दिवस झाले होते. शिंदखेड्याहून तुमच्या यादीवरच्या आबा मास्तरांचा फोन आला. ते धुळ्याला जाऊन इंटरनेटच्या दुकानात यादी वाचून आले होते. म्हणाले, "वहिनी, नानांची यादी पुसणार आहेत. मे महिन्याअखेर." ज्या परदेशी कॉलेजच्या यंत्रावर तुम्हाला फुकट जागा मिळाली होती, तिथला तुमचा मित्र निवृत्त होणार होता आणि ते यंत्रच मोडीत निघणार होतं. लघुलहरींवर लांबलांबची स्टेशनं ऐकणाऱ्या तुम्हा वेड्यांची सगळी पत्रं त्याच्यात होती. सायक्लोस्टाईल करून पोस्टानं धाडायचात ती जुनी पत्रकंसुद्धा तुम्ही हातानं टाइप करून तिथे चढवली होती. दुसरीकडे कुठे एक प्रत ठेवावी, एवढं सुचू नये? दुकानातल्या बियाण्याच्या पावत्या मात्र तिहेरी!

सगळा साठा एकदम मागायचा हक्क फक्त यादीच्या मालकाला. म्हणजे मागणी तुमच्याच पत्त्यावरून, तुमच्याच संगणकावरून जायला हवी. पासवर्ड आपल्या संगणकातच साठवलेला होता, नाहीतर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

मला तुमच्या स्टेशनांचं काय पडलं होतं, असं तुम्ही विचाराल. खरंय. मला त्या यादीतलं एकच हवं होतं. संध्याकाळी तुम्ही कानाला हेडफोन लावून बसायचात आणि मी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत असायचे. तुम्ही कागदावर आकडे मांडायचात. आवाज किती जोरात, शेजारचं स्टेशन किती घुसतंय, खरखर किती, आवाज किती येतोजातो. चार आकडे लिहून झाले की आतल्या दिशेनं हाक यायची, "प्रमिला, एकूण किती देऊ?" पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काही कळेना. मी काही न ऐकताच ओरडायचे, "चार!" आणि तुम्ही हसत चार लिहायचात. इतक्या वर्षांच्या अहवालांत शेवटचा आकडा माझा आहे. आपला एकही फोटो असा नाही ज्यात आपण दोघं सरळ उभे आहोत. आपण दोघं एकत्र होतो ते तिथेच. ते पुसू द्यायचं होतं का मी?

पण वेळ कोणती, तर बागायती कापसाच्या लागवडीची! दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, बियाण्याच्या गाड्या कुठे अडकल्या ते कळायला भाऊजी फोनला चिकटलेले. आणि आपला फोन एकच. दुकानातला रिसीव्हर नुसता उचलला तरी आत घरात संगणकाचं कनेक्शन तुटायचं. रात्री दर कमी म्हणून अख्खा जिल्हा लाइनवर, तेव्हा लागायचंच नाही. म्हणजे भर दुपारी, भर धंद्यात फोन अडवायचा.

आबा एस.टी.नं आले, धोतराचा सोगा सावरत खुर्चीत बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत इंग्रजीत मागणीपत्र लिहिलं. आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार, आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे, कृपया आमच्या यादीचा साठा पाठवण्याची तसदी घ्यावी. रेडिओ स्टेशनांना पत्रं लिहायची तुम्हा मंडळींची रीतच ती. उत्तर त्या परदेशी यंत्राचंच आलं, एकेका ओळीखाली तेच. हे कळत नाही, हे कळत नाही. आबांनी आणखी अदबीनं लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या पत्रात त्यांनी तुम्ही गेल्याचं कळवून क्षमाही मागितली. त्यावर यंत्रानं फार चुका झाल्या म्हणून पुढचं वाचणंच सोडून दिलं.

आबांचा चेहरा उतरला. "वहिनी, या मशिनले समजी ग्यं वाटस, नाना ऱ्हायनात नही."

एका क्षणासाठी मलाही ते खरं वाटलं. मालक गेला, आता कोण विचारतो, असं.

मग तुम्हीच आठवलात. चहा आणून ठेवला की पडद्यावर एकच ओळ दिसायची, ना नाव ना गाव. मी म्हटलं होतं, "कोणाला एवढं तुसडं लिहिताय?" तुम्ही म्हणालात, "हे यंत्र आहे गं. त्याला मान दिला की ते गोंधळतं." मी आबांना म्हटलं, "सगळा नमस्कार-चमत्कार काढून टाका. नुसतं काय हवं ते लिहा." त्यांच्या जिवावर आलं हो! नमस्कार न करता मागायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. पण काढलं. थोड्या वेळानं पहिला गठ्ठा आला आणि मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत उडाले.

जुनं आधी मागायचं, असं आबांनी ठरवलं. नवं लोकांच्या लक्षात असतं, जुनं गेलं की गेलं. पण तुमची टपालपेटी केवढीशी! भरली की पुढचं पत्र माघारी जाणार आणि अशी पत्रं सारखी परतली की यंत्र तो पत्ताच बाद करणार, अशी ताकीद आली होती. म्हणून गठ्ठा उतरवायचा, फ्लॉपीवर घ्यायचा, पेटी रिकामी करायची, पुढचा मागायचा. मॉडेम इतका तापायचा की मी त्याच्या खाली पाण्याची थाळी ठेवली होती. मध्येच वीज जायची. आणि मध्येच दुकानात कोणीतरी रिसीव्हर उचलायचं!

महिन्याच्या शेवटच्या दुपारी अखेरचा गठ्ठा उतरत असताना तसंच झालं. तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. मी पदर खोचून दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर ओरडले, हो, ओरडले! "भाऊजी, त्या फोनला हात लावाल तर बघा!"

तेही चिडले. "वहिनी, सीझन आहे. गाडी कुठे आहे ते नको का कळायला? आणि त्या रद्दीत आहे काय एवढं?"

मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि आबांना एक जुनं पत्रक वाचायला सांगितलं. तुम्ही लिहिलं होतं, आज एरियल पत्र्यावर चढवली, धाकटा भाऊ भर उन्हात वायर धरून उभा राहिला, त्याचे तळवे भाजले पण हलला नाही, म्हणून स्टेशन लागलं, श्रेय त्याचं. भाऊजी पडद्याजवळ वाकले. "हे दादांनी लिहून ठेवलंय?" एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी पोत्याच्या सुतळीनं रिसीव्हर करकचून बांधला, गाडीची चौकशी करायला पोराला शेजारच्या दुकानात धाडलं आणि स्वतः फोनवर हात ठेवून बसले. लोक काय काय बोलले. बसूनच राहिले.

गठ्ठा उतरला. शटर ओढायच्या वेळी आबा म्हणाले, "बठ्ठं उनं, वहिनी. बठ्ठं शे." सगळं आलं होतं.

तो शेवटचा गठ्ठा तुमच्या शेवटच्या दिवसांचा होता. त्यात तुमचा शेवटचा अहवाल. चार आकडे, आणि पाचव्याच्या जागी रिकामं. खाली आबांचंच पत्र, नाना, शेवटचा आकडा राहिला का? आणि त्याखाली तुमचं उत्तर. "घरच्या मंडळी औषध आणायला गेल्या आहेत. आल्या की विचारून कळवतो."

मी औषध घेऊन आले तेव्हा तुम्हाला घाम सुटला होता. दवाखान्यात न्यायची धावपळ झाली. तुम्ही विचारलंच नाहीत! विचारायचं होतं ना हो. रिक्षात विचारायचं होतं. मी तिथेही चार म्हटलं असतं.

मी आबांना विचारलं, "हे सगळ्यांनी वाचलं?" तर ते डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, बठ्ठी यादीले माहीत शे. पाचवा आकडा तुमना." म्हणजे यादीवरच्या, पार आखाती देशांत बसलेल्या परक्या माणसांनाही माहीत, आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीत. याचा राग मी सोडणार नाहीये, सांगून ठेवते.

फ्लॉपींचे तीन संच केलेत. एक आपल्याकडे, एक शिंदखेड्याला, एक धुळ्याला. भाऊजींनी दुकानासाठी दुसऱ्या फोनचा अर्ज केलाय. आबा नवी जागा शोधतायत, मिळाली की सगळं पुन्हा चढवू.

आज संध्याकाळी पीठ बाजूला ठेवलं आणि तुमचे हेडफोन लावले. तुमच्या शेवटच्या अहवालातलं स्टेशन सापडायला वेळ लागला. वळवाच्या वादळानं एरियल एका बाजूनं लोंबतेय, खरखर फार होती, आवाज जवळ यायचा आणि पुन्हा लांब जायचा. शेवटपर्यंत ऐकलं. कळलं काहीच नाही, पण ऐकलं.

यापुढे रोज ऐकेन आणि ऐकूनच आकडा देईन, हा माझा शब्द. उद्या भाऊजी पत्र्यावर चढून वायर बांधणार आहेत, मग सुधारेल कदाचित.

आजचा लिहून घ्या. एकूण तीन.

तुमची,
घरची मंडळी, प्रमिला