व्याह्यांचं रानजायफळ

९ नोव्हेंबर, रविवार
व्याही जेवायला. सोमनाथराव म्हणजे कॉलेजात आयुष्यभर वाळका पाला कागदावर चिकटवणारा माणूस. त्याला हर्बेरियम म्हणायचं. मी सायकलवर गुलाबाची कलमं विकत विकत देवळालीला नर्सरी उभी केली, तर चारचौघांत म्हणाले, तुम्ही कुंड्यांचे व्यापारी. मी हसलो. मनाला लावून घेत नाही. श्रीखंड मात्र दुसऱ्यांदा वाढू दिलं नाही.

दुपारी
आमची सून हर्षाली त्यांची लेक. स्वयंपाकघरात तिच्याशी कुजबुज. माझे कान भिंतीपलीकडचं ऐकतात, त्याला मी काय करू? रानजायफळ, दाट पावसाळी जंगलातलं झाड. नाशिक जिल्ह्यातली नोंद एकच, शंभर वर्षांपूर्वीची, कुणा गोऱ्या साहेबाच्या नावावर. आता यांना पेठकडे देवराईखालच्या ओहोळात एक दिसलंय. फुलावर आलं की एक फांदी आणून हर्बेरियमचं शीट करणार. खाली संग्राहक म्हणून यांचं नाव.
ठरलं. नाव माझं लागणार.

११ नोव्हेंबर
पेठला तीन टपऱ्यांवर चहा, गप्पा. ओहोळ सापडला. गुरं राखणारी भिमाबाई सांगत होती, एक मास्तर येतो, झाडाला हात लावत नाही, बघतो न् जातो. बघा. काम येतच नाही माणसाला.
फांदी काय न्यायची? पुरुषभर झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढलं, टेम्पोत घातलं. शंभर रोपं करीन. सत्काराला व्याह्यांना पहिल्या रांगेत बसवीन.

२० नोव्हेंबर
पानांनी माना टाकल्या. प्रवासाचा शीण. बायको सविता म्हणते, ओहोळातलं झाड ड्रमात घातल्यावर काय नाचेल? तिला या लाइनमधलं कळत नाही.

३ डिसेंबर
पानगळ. चांगलं लक्षण, नवी फूट येणार. ओलावा हवा म्हणून ड्रम ऑफिसात घेतला, कूलर लावलाय. मला सर्दी.

१४ डिसेंबर
खोड नखानं खरवडलं. आत तपकिरी. दुसऱ्या बाजूनं खरवडलं. तसंच.
हरकत नाही. हर्बेरियमला मेलेलंच लागतं. उरल्यासुरल्या पानांची फांदी पेपरात घालून गादीखाली दाबली.

४ जानेवारी
फांदी घेऊन व्याह्यांकडे. तेही आदल्या दिवशी पेठला जाऊन आलेले, बूट अजून चिखलाचे. बाकीचं झाड कुठंय, विचारलं. अभिमानानं सांगितलं. त्यांनी फांदी ठेवून घेतली.
"कारभारीराव, तिथं एकच होतं हो."
एवढंच. चहा आला नाही. जळतात.

१८ जानेवारी
शीट झालं. हर्षालीनं मोबाइलवर फोटो दाखवला. संग्राहक म्हणून माझं पूर्ण नाव, टाइप केलेलं. सविताला हाक मारली. फ्रेमवाल्याला फोन केला. मग चष्मा लावून खालचा शेरा वाचला.
'जिल्ह्यातील ज्ञात एकमेव झाड. संग्राहकाने समूळ काढून नेले. त्या जागी आता खड्डा.'
दोनदा वाचलं. व्याह्यांची चूक शोधत होतो. एक शब्द खोटा सापडला नाही.