दोन घरच्या गोळ्या

अकोला
१६ डिसेंबर २०२५

दादास,

सुतकात नमस्कार लिहू नये म्हणतात, म्हणून लिहीत नाही. एरवी तरी तीन वर्षांत कुठे लिहिला होता! इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण तसं काही नाही. पौर्णिमा जेमतेम जेवते. आमची आरती सासरहून आली आहे, ती आईला सांभाळते. थंडी चांगलीच पडली आहे.

तेरवी मंगळवारी, तेवीस तारखेला. आचारी ठरवला. मोर्शीची मंडळी आदल्या दिवशीच येणार आहेत. कामाचं एवढंच.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण गोदाआत्या म्हणाली, तू फोन कपाटात टाकून दिला आहेस. वाजला की अंगणात निघून जातोस, वहिनींनाच उचलावा लागतो. हे ऐकल्यापासून दोन दिवस मी पत्र लिहितो आणि फाडतो. हे मात्र फाडायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

आरतीच्या लग्नपत्रिकेत तुझं नाव माझ्या नावाखाली छापलं गेलं, त्यावरून आपलं बिनसलं. चूक छापणाऱ्याची होती, पण माफी मागायला मी गेलो नाही आणि तू लग्नाला आला नाहीस. तेव्हापासून बाबा चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे. तू त्यांना अमरावतीच्या स्टँडवर एसटीत बसवायचास, मी अकोल्याला उतरवून घ्यायचो. मधल्या प्रवासात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एकटा. आपण दोघांनीही त्याची लाज धरली नाही.

या दिवाळीनंतर ते आले, तेव्हा पिशवीत सगळ्यात वर तुझी फाइल होती. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, तू धावपळ केलीस, डॉक्टरांनी हृदयाची गोळी सुरू केली, हे सगळं मला आत्याकडून कळलं होतं. तू कळवलं नाहीस याचा राग होता. फाइलवर वहिनींच्या अक्षरात गोळ्यांच्या वेळा होत्या. मी वाचल्या आणि फाइल कपाटात तळाशी सारली. मनात म्हटलं, सगळं तूच करायचं का? आम्ही काय नुसते बघे?

दुसऱ्याच दिवशी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, काही नाही, होत्या त्या बंद केल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पण चारचौघांत मला खोटं पाडतील असे ते नव्हतेच. डॉक्टरांनी बीपीची नवी गोळी लिहून दिली.

परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, "किशोरच्या गोळ्यायचं काहून नाई सांगतलं?"

"माह्या घरी माह्या डॉक्टरच्या गोळ्या चालतीन," मी म्हणालो. "त्याच्या फेकून द्या."

ते "बरं" म्हणाले आणि बाहेर पाहत बसले. तुला त्यांचं "बरं" माहीत आहे. आयुष्यभर ते "बरं" म्हणायचे आणि मग त्यांच्या मनाला पटेल तेच करायचे. मी विसरलो.

आठवड्याभरात पहिली चक्कर आली. देवापुढून उठले आणि भिंतीला घासत खाली बसले. ओठ पांढरे, अंगाला घाम. आडवं करून पाय उशीवर घेतले, तेव्हा दोन मिनिटांनी डोळे उघडले. शेजारच्यांचं बीपीचं मशीन आणून पाहिलं, तर वरचं नव्वद, खालचं पन्नास. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, पाणी भरपूर प्यायला आणि सावकाश उठायला सांगितलं. पुन्हा विचारलं, दुसरं काही घेत नाहीत ना? मी पुन्हा नाही म्हणालो. आता तर आधीचं खोटं सांभाळायचं होतं.

मग घरात नियमच झाला. खाटेच्या काठावर बसून वीसपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं. न्हाणीघरात मी दांडी बसवली, आंघोळीला स्टूल आणलं. पौर्णिमा दुपारी ताक द्यायची. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आता उठाच्या आंधी अर्ज करा लागते." सगळे हसायचे. तरी आणखी दोनदा पडले. अर्ध्या गोळीनं इतकं कसं होतं, डॉक्टरांनाही कळेना. आणि मी सेवेचा मोठा आव आणून फिरत होतो. खरं सांगतो, दादा, ती दांडी बसवताना माझ्या मनात हेच होतं की आत्या तुला हे सांगेल.

गुरुवारी बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी दारात पेपर वाचत होतो. आत तुझा फोन वाजला आणि ते उठले, वीस मोजले नाहीत. दोन पावलं टाकली आणि कोसळले, डोकं पायरीच्या काठावर आपटलं. मी दोन हातांवर होतो, तरी मला धरता आलं नाही.

दवाखान्यात सिस्टरनं त्यांची बंडी काढली, तेव्हा आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. तुझ्या डॉक्टरांची. दहातल्या तीनच उरल्या होत्या, आणि पट्टी नवी होती. तू दिलेल्या संपल्यावर चौकातल्या मेडिकलमधून त्यांनी स्वतः आणलेली. मी फेका म्हटलं होतं. त्यांनी तुझंही मन मोडलं नाही, माझंही मोडलं नाही. पौर्णिमा द्यायची ती तिच्यासमोर घेत राहिले, आणि तुझी लपवून.

तिथल्या डॉक्टरांनी ती आणि मी घरून नेलेली आमची, अशा दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. म्हणाले, नावं कंपन्यांची वेगळी आहेत, आत औषध एकच आहे. दोन्ही एकत्र द्यायला कोणी सांगितलं? मी तुझी पट्टी उचलून खिशात घातली. अडीच वाजता बाबा गेले.

तू पोचलास तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तू विचारलंस, कसं झालं रे? तीन वर्षांतलं तुझं माझ्याशी पहिलं बोलणं. माझ्या खिशात ती पट्टी होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुया फोन घ्याले उठले अन् पडले."

तू उभ्या जागी खाली बसलास. मी पाहिलं, आणि तुला उठवलं नाही.

तेव्हा मला सगळं माहीत होतं, दादा. दवाखान्यातून निघतानाच कळलं होतं. तरी म्हणालो, कारण ते कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं, आणि समोर तू होतास. तुझ्या फोननं काही झालं नाही. माणूस फोन घ्यायला उठतो आणि फोन घेतो. उठल्यावर त्यांचं रक्त डोक्यापर्यंत चढत नव्हतं ते माझ्या एका खोट्यामुळे. डॉक्टरसमोर मी खरं बोललो असतो, तर आज ते ओट्यावर बसले असते. मला फार रडू येतं, पण घरात कुणासमोर रडायचा मला हक्क वाटत नाही.

ज्यांच्यासमोर तुझ्यावर ढकललं, त्यांच्यासमोरच तेरवीला हे सगळं सांगणार आहे. पौर्णिमाला काल सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. तू आलास तरी सांगेन, नाही आलास तरी सांगेन.

एक गोष्ट मात्र तेरवीला सांगणार नाही, ती फक्त तुला. फोन वाजला तेव्हा मी बाबांना म्हणालो, बसा, मी आणतो. त्यांनी हातानं मला थांबवलं. चेहरा असा फुलला होता की दिवाळीपासून माझ्या घरी तसा मी पाहिला नव्हता. म्हणाले, "राहू दे, मीच घेतो. किशोरचा असन."

तेच शेवटचं बोलणं. त्यात माझं नाव नव्हतं, म्हणून पाच दिवस मी ते कुणाला कळू दिलं नाही. ते तुझं आहे, दादा.

तुझ्याकडे काही मागायचं तोंड नसलेला,
कुलदीप