आजीचा खोकला आणि सरकारमान्य मुदांग

ती. म्योंगोक मावशीस,

दोन्ही तळवे जमिनीला टेकवून नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझं नूडल्सचं दुकान, दोन्ही धड उभी असतील अशी आशा आहे. आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, नाहीतर मला झोप लागायची नाही. आई गात असताना परीक्षक मंडळ झोपलं होतं, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. तिघांपैकी एकच झोपले होते. दुसऱ्यांनी नुसते डोळे मिटले होते, पाय ताल धरत होता. तिसऱ्या प्राध्यापक बाई टक्क जाग्या होत्या, आणि सगळी पंचाईत त्यांच्यामुळेच झाली.

आपल्या सोल्गे बंदरावरचा दर्यादेवाचा विधी प्रांताच्या वारसा-यादीत घ्यायचा आणि देव अंगात घेऊन गाणाऱ्या आईला सरकारमान्य मुदांग करायचं, तर आधी परीक्षा. (आजीच्या वेळी हेच सरकार विधीच्या घंटा नि पंखे जप्त करायला पोलीस पाठवायचं. आई म्हणते, ते निदान चहा तरी मागत नसत.) नेमका त्याच दिवशी आईचा वाढदिवस. वाढदिवसाला शेवाळाचं सूप प्यायलाच हवं, आणि परीक्षेला जाताना ते तोंडाला लावायचं नाही, कारण बुळबुळीत. माणूस घसरतो म्हणे. जन्मभर मेलेल्यांशी बोलणारी माझी आई शाळकरी पोरांच्या या खुळाला हसत आली, पण त्या सकाळी तिने वाटी दूर सारली. मी म्हटलं, "आई, अंधश्रद्धा आहे ही." तर म्हणते, "असू दे. देवाची परीक्षा असती तर प्यायले असते. देव सांभाळून घेतो."

विधी छान रंगला होता. दर्यादेव अंगात घेऊन आई दरवर्षीसारखी गावाची झाडाझडती घेत होती. कप्तान ग्वाकला ती म्हणाली, "बायकोशी बोलत नाहीस आणि माझ्याकडे मासे मागतोस होय रे?" बायका हसून लोळत होत्या. एवढ्यात प्राध्यापक बाईंनी हात वर केला. आजीच्या जुन्या ध्वनिमुद्रणात कप्तान ग्वाक नाहीत, म्हणाल्या.

"कसा असेल? तेव्हा तो रांगत होता," आई म्हणाली.

"पण मूळ रूप बदलता येत नाही."

"मग तुमच्या कागदावरून तुम्हीच वाचा, बाई. मी बसते." आणि आई खरंच बसली.

अर्ध्यावर थांबलं तर देव रागावेल (आणि मंडळही), या भीतीने मी पुढचं गायला लागले. तुला ठाऊकच आहे, शाळेत घालायच्या आधी मला आईने ती टेप ऐकवूनच शिकवलं, त्यामुळे मी अक्षर न् अक्षर तसंच गाते. तिसऱ्या कडव्यानंतर आजी खोकते, तिथे खोकतेसुद्धा. बाईंचे डोळे भरून आले. "हेच! हेच मूळ रूप!" बंदरावरच्या बायका मात्र डबे आवरून घरी निघाल्या.

(चहाच्या वेळी डोळे मिटलेले परीक्षक आईला हळूच म्हणाले, "माझा विश्वास नाही हो, पण मुलाची प्रवेशपरीक्षा आहे. टेबल कुठल्या दिशेला ठेवू?" आई म्हणाली, "पुस्तकाच्या.")

काल कार्यालयातून फोन आला. मान्यता मिळाली. मला! खोकल्यासकट. यापुढे विधी त्याच रूपात व्हायचा, म्हणजे आईने गायचं नाही. नकार दिला तर विधी यादीतून जाणार, आणि मग देवळापुढचं विधीचं अंगण त्यावर डोळा ठेवून बसलेल्या हॉटेलवाल्याला मिळणार. आईला वाटतंय निकाल अजून लागायचा आहे. ती दुसऱ्या संधीसाठी रोज टेप लावून बसते. आज सकाळी स्वयंपाकघरातून ती खोकताना ऐकू आली. सर्दी झालेली नाही तिला, मावशी.

बाकी सर्व ठीक.

तुझी,
दारिम

ता. क. आजीबरोबर गायलेली आता तू एकटीच उरली आहेस. हा धंदा सोडलास तेव्हा पुन्हा या भानगडीत पडणार नाही म्हणाली होतीस, तरीही ये. आजीही दरवर्षी नव्या माणसांना झापायची आणि टेपच्या दिवशी तिला नुसता खोकला झाला होता, एवढंच कार्यालयात सांग.

ता. क. पुन्हा. तू आलीस तर उत्तम, नाही आलीस तरी मी जाऊन सांगणार आहे, की मान्यता द्यायची तर आईला द्या. आईलाही सोबत नेईन. कशासाठी, ते तिला बसमध्ये सांगेन, म्हणजे उठून जाता यायचं नाही. गुरुवारी, १९ मार्चला निघू.