रोज चालवायच्या अटीवर

२ जून

चि. सर्व्हेअरसाहेबांस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

गाडी सुखरूप पोचल्याचं कळलं. तू निघालास तेव्हा फाटकात उभा राहून मी कोपऱ्यापर्यंतचा आवाज ऐकला. दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्तच रेंगाळलास. असो, हात बसायला वेळ लागतो. माझ्या मानेला पट्टा बसला आणि डॉक्टरने स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली, नाहीतर ती तुला मिळाली नसती, हे तुलाही ठाऊक आहे.

अट पुन्हा लिहून ठेवतो, कारण तोंडी गोष्टी तू सोयीने विसरतोस. रोज चालवायची. ऑफिसला जा, पाव आणायला जा, पण जा. ती पळण्यासाठी बनवलेली गाडी आहे. चांगली तापल्याशिवाय तिचं इंजिन खुलत नाही. वर्षभर चालवलीस तर कागदपत्रं तुझ्या नावावर करीन. नाही चालवलीस तर घेऊन येईन.

मागे त्या जुन्या गाड्यांच्या मंडळाने मला जेवायला बोलावलं होतं. एकजण मूळ रंगाबद्दल बोलत होता, दुसरा मूळ बोल्टांबद्दल, तिसऱ्याने तर गाडीत अजून बसलोच नाही हे अभिमानाने सांगितलं. सगळे मालक टॅक्सीने आले होते. मी एकटा आपल्या गाडीने गेलो, तर माझ्या टायरला चिखल लागलाय म्हणून ते हळहळले. असल्या माणसांनी बायकोशी संसारही फोटो बघूनच केला असेल.

आठवड्यातून एकदा रस्त्यावरून फोन लाव. बोलू नकोस, नुसतं इंजिन ऐकव. जिन्याखालच्या खोपटात रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करत मी धंद्याला लागलो. आता भोंगे आणि माइक भाड्याने देणारी माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण कान माझे मीच वापरतो.

मामीने सूनबाईची खुशाली विचारली आहे. लोभ आहेच, तो झाकून ठेवायची मला सवय नाही, एवढंच.

मामा


१९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. गाडीची काळजी नसावी. तळमजल्यावरची शटरची खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे. भिंतींना आणि जमिनीला टाइल्स लावल्या, ओलावा शोषणारं यंत्र बसवलं, अंगाबरोबर शिवलेलं मऊ कव्हर आणलं. हिचं फिजिओथेरपीचं टेबल त्या खोलीत होतं, ते गच्चीवरच्या खोलीत हलवलं. गुडघे दुखणारी माणसं एवढे जिने चढत नाहीत, म्हणून ही आता पेशंटच्या घरी स्कूटरने जाते. तिचंही फिरणं होतं.

आपण गाडीवर प्रेम केलंत, याबद्दल शंका नाही. पण मागच्या सीटवर भोंगे वाहून आणल्याचे ओरखडे मी रोज मऊ फडक्याने पुसतो, ते जात नाहीत. मामा, विमा कंपनीसाठी मी दिवसभर अपघातातल्या गाड्या तपासतो. चालवणाऱ्याची चूक नसतानाही गाडी कागदासारखी दुमडते. रिव्हर्स घेणारा एक ट्रक पुरे. या जातीच्या गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, बदलायला दारही मिळत नाही. तुमच्यानंतर आणि माझ्यानंतरही ती राहावी, एवढीच माझी धडपड आहे. एवढ्या दुर्मिळ वस्तूने पाव आणणं मला तरी शोभत नाही.

अर्थात आपल्या अटीप्रमाणे फेरी नियमित होते. फोन करीनच.

मामींना नमस्कार. आपली माया आहे तशीच असावी.

आपला भाचा


१० ऑगस्ट

चि. भाच्यास आशीर्वाद, आज जरा हात आखडता घेऊन.

तुझे फोन ऐकले. परवाच्या फोनला तू म्हणालास की नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर आहेस. छान मोकळा रस्ता आहे. त्याला चार भिंती आहेत आणि भिंतींना टाइल्स आहेत. आवाज जाऊन परत येत होता. मोकळ्यावर आवाज जातो, परत येत नाही, हे माझ्याकडे भोंगे बांधायला नवीन लागलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी कळतं. इंजिन ओझ्याशिवाय भुंकत होतं, गिअर एकदाही पडला नाही. खाली तुझ्या ओलावा-यंत्राची घरघर होती. आणि तो वारा. वारा असा ठेका धरून वाहत नाही रे. पंख्याचं एक पातं जाळीला घासतंय, तेल घाल.

मला फसवलंस याचा राग नाही, धंद्यात मोठमोठे ठग बघितलेत. इतकं भिकार फसवलंस याची लाज वाटते.

आणि गाडीचं म्हणशील तर आठवड्यातून पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन चालवणं म्हणजे तिला थोडं थोडं विष घालणं. सायलेन्सर नीट तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं, तो आतून सडतो. ब्रेक जागेवर धरतात. वरून चकचकीत आणि आतून गंजलेली, अशी माणसं त्या गाड्यांच्या मंडळात भरपूर असतील, त्यात माझ्या गाडीची भर नको. दुर्मिळ आहे म्हणतोस, तर मीही आता बोटांवर मोजण्याइतकाच उरलोय. मलाही कव्हर शिवून घे.

महिनाअखेरीस उचलून नेणारी गाडी घेऊन माणूस पाठवतो. किल्ली त्याच्याकडे दे.

तुझ्याबद्दलचा लोभ तूर्त दुरुस्तीला टाकला आहे.

मामा


२२ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

मी प्रथमच लिहिते आहे. कारण तुमचं पत्र टेबलावर उघडं होतं आणि ते मी वाचलं, त्याखालचं जूनचंही.

फोनच्या वेळी ॲक्सिलरेटर दाबायला मी बसत असे. हे बॉनेटपाशी टेबलफॅन आणि फोन धरून उभे असत आणि हाताने खुणा करत की आता चढ आला, आता उतार आला. त्या गाडीत मी बसले ती एवढीच, आणि तेव्हाही चपला बाहेर काढून.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. पेशंटकडून येताना वाळूवर स्कूटर घसरली. कोपराला टाके पडले. हे धावत आले, स्कूटरला प्रदक्षिणा घातली, सवयीने तिचे फोटो काढले, मग मला दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाले की रस्ते फार वाईट झालेत, नशीब गाडी घरात आहे. मामा, दिवसभर अपघात तपासणाऱ्या माणसाला रस्त्याची भीती वाटते हे मी समजू शकते. पण त्याच रस्त्यावर लोखंड पाठवायची भीती वाटते आणि मला दोन चाकांवर पाठवायची वाटत नाही, हे काही मला समजून घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेतली. ब्रेक खरंच धरले होते, मेकॅनिकला बोलावून सोडवावे लागले. सायलेन्सरला भोक पडलंय, गल्ली दणाणते. शटरच्या खोलीत माझं टेबल परत आणलं. गाडी रस्त्यावर झाडाखाली असते. रोज चालते.

तुमच्यावरही थोडा राग आहे, तो लिहूनच टाकते. गाडी देताना तुम्ही किल्ली यांच्या हातात दिलीत. माझं लायसन्स यांच्याआधीचं आहे, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही. तुमच्या पत्रांत एवढं गाडीचं कौतुक, माझ्याबद्दल एक ओळ, तीही मामींची. तुम्ही तिला पळवायचं म्हणता, हे निजवायचं म्हणतात. कामाला कुणाला लागते हे दोघांनीही पाहिलं नाही.

माणूस पाठवायचा असेल तर पाठवा. पण सकाळी लवकर पाठवा, नंतर मी गाडी घेऊन बाहेर असते.

मामींना नमस्कार. माया असू द्या, आणि जमलं तर दखलही.

सूनबाई


३ सप्टेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कृपा करून गाडी घेऊन जा.

मी स्वतः विनंती करतो आहे. तुमचा माणूस महिनाअखेरीस येणार होता, तो आलाच नाही. ही तिला पक्ष्यांच्या झाडाखाली उभी करते. परवा कुणाच्या तरी मोटरसायकलचं हँडल दाराला घासलं. मी दाखवलं तर म्हणाली, दार उघडतंय ना. अर्धांगवायूच्या एका पेशंटला तिने पुढच्या सीटवर बसवून फिरवून आणलं. तो म्हणे बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलला. मी आनंद व्यक्त केला, पण त्याच्या काठीचं टोक डॅशबोर्डला लागलं आहे.

मी चुकलो असेन. पण मला रात्री चेपलेली दारं दिसतात, आणि आता त्या दारामागे ही दिसते. हे तिला सांगता येत नाही. निदान तुमच्याकडे गाडी तरी सुरक्षित राहील.

उत्तराची वाट पाहतो.

आपला भाचा


२० सप्टेंबर

चि. भाच्यास आशीर्वाद.

माणूस मीच थांबवला. गाडी परत नेणार नाही. अट रोज चालवायची होती, ती पाळली जाते आहे. पाळणारा तूच असावास, असं मी लिहिलं नव्हतं. वर्ष पुरं व्हायची वाट न बघता कागदपत्रं सही करून सूनबाईच्या नावाने पाठवली आहेत. मामी म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा माणूस ओळखून वस्तू दिलीत. नवा सायलेन्सर माझ्याकडून.

तुझ्या त्या पत्रात गाडीबद्दल सहा वाक्यं भरली आहेत आणि बायकोबद्दल एकच खरं. ते तिला सांगता येत नाही म्हणतोस. विम्याच्या कागदावर पानंच्या पानं भरणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. मामाला लिहून काय मिळणार? मी आधीच सही करून बसलोय.

काल सूनबाईचा फोन आला. ती चालवत होती, म्हणजे फोन दुसऱ्या कुणाच्या हातात होता. तिसरा गिअर स्वच्छ पडला. पण मला धड ऐकू येईना, कारण फोन धरणारा माणूस प्रत्येक वळणाला श्वास रोखत होता आणि वळण संपलं की सोडत होता. मी ऐकत होतो गाडी, ऐकू येत होतास तू. मग लांब सरळ रस्ता लागला असावा. तिने पाय दाबला आणि इंजिन खुललं, ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षं मान मोडून घेतली तो आवाज. तेव्हा शेजारचा माणूस हसला. हसू दाबायचा प्रयत्न झाला, तोही ऐकू आला.

इतके महिने गाडी तुझ्या घरात होती, तू तिच्यात खरा बसलास मात्र काल.

मामीचे आशीर्वाद. यापुढे गाडीविषयी काही लिहायचं असेल तर मालकिणीला लिहावं.

मामा